वाघाच्या कातड्याचा माग

निर्यातबंदी हा शब्द उच्चारतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें मुंबईचें बंदर, गोदींतील पेट्यांच्या राशी, अथवा विमानतळावर प्रवाशाचें सामान उलटेंपालटें करून पाहणारा कस्टम-अधिकारी उभा राहतो. कुरखेडा हें नांव त्या संबंधांत कोणास आठवण्याचें कारण नाहीं. वडसा येथील रेल्वे-स्थानकावर उतरून पूर्वेकडची वाट धरली, म्हणजे सती नदीच्या कांठीं हें गांव लागतें. गडचिरोली जिल्ह्यांतील एका तालुक्याचें हें ठिकाण. भोंवतीं धानाच्या बांध्या, त्यांपलीकडे साग, बांबू, मोह व तेंदू यांचें रान, आणि पुढें कोरचीवरून गेलें कीं छत्तीसगडची सीमा. समुद्र येथून शेंकडों कोस दूर. तरीसुद्धां परदेशीं माल पाठविण्यावर आपल्या देशानें ज्या बंद्या घातल्या आहेत, त्यांपैकीं एका अत्यंत कडक बंदीचें पहिलें ठाणें बंदरावर नसून असल्याच रानांत आहे. तो माल म्हणजे वाघाचें कातडें व हाडें. ही बंदी राबविणाऱ्या तपासनिसाचें काम कसें चालतें, याची शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस क्वचितच कल्पना असते.

कुरखेड्याचें रान वडसा वनविभागांत मोडतें. उत्तरेस नवेगांव-नागझिऱ्याचें अभयारण्य, पश्चिमेस वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरीचें व त्याहून पुढें ताडोब्याचें जंगल, आणि पूर्वेस छत्तीसगडच्या डोंगररांगा, अशा तिठ्यावर हा प्रदेश आहे. ब्रह्मपुरीकडे वाघांची दाटी झाली तसे तरुण वाघ वैनगंगा पोहून वडसा-आरमोरीच्या बाजूस येऊं लागले. त्यांचें हें पुनरागमन येथील रहिवाशांस सुखाचें झालें असें म्हणतां येणार नाहीं. तेरा माणसांचा बळी घेणारा, ‘सी. टी. एक’ या खुणेनें ओळखला जाणारा वाघ २०२२ सालच्या आक्टोबरांत वडशाजवळ जेरबंद झाला, त्या दिवशीं कित्येक गांवांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. पहाटेच्या अंधारांत मोहफुलें वेंचावयास जाणाऱ्या बाईला वाघ हें राष्ट्राचें भूषण वाटावें अशी अपेक्षा पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत बसून करणें सोपें आहे. तपासनिसाला मात्र हीच बाई पुढेंमागें खबर देणार असते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां प्रत्यक्ष प्रकरणाकडे वळूं. २०२३ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस, येथून फार दूर, आसामांत गुवाहाटीजवळ वाघाचें कातडें व हाडें बाळगणाऱ्या कांहीं इसमांस पकडण्यांत आलें. त्यांच्या चौकशींतून धागा महाराष्ट्राकडे येऊं लागला. लागलीच केंद्र सरकारच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोनें देशांतील अनेक व्याघ्रप्रदेशांस सावधगिरीचा इशारा धाडला. त्यानंतर जुलै महिन्यांत कुरखेड्याच्या दक्षिणेस, गडचिरोली शहराजवळील आंबेशिवणी येथें, झोपड्या टाकून राहिलेल्या एका टोळीवर वनखात्यानें छापा घातला. लोखंडी सांपळे व वाघाचीं नखें हातीं लागलीं. स्त्रीपुरुषांस अटक झाली. पुढें २०२५ सालच्या जानेवारींत चंद्रपूर जिल्ह्यांतील राजुरा येथें आणखी एका टोळीचा म्होरक्या सांपडला, आणि तो धागा सोडवितां सोडवितां तपासनीस मेघालयांत शिलाँगपर्यंत जाऊन पोंचले. वैनगंगेच्या खोऱ्यांतील जनावराचें कातडें ब्रह्मदेशाच्या सीमेकडे कां जावें, हें नकाशा उघडला म्हणजे कळतें: त्या सीमेपलीकडून चीनच्या बाजाराची वाट सुरू होते. पूर्वीं हा माल नेपाळ व तिबेटमार्गें जाई. ईशान्येकडील वाट त्यामानानें अलीकडची.

या टोळ्यांची रीत ऐकली म्हणजे अंगावर कांटा येतो. पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर दातेरी जबड्याचा लोखंडी सांपळा पुरून वर माती व पाला पसरतात. सरळ पावलानें चालणाऱ्या वाघाचा पंजा त्यावर पडावा म्हणून आजूबाजूस कांटे-खडे मांडून ठेवतात. पंजा अडकला कीं वाघाच्या तोंडांत भाला घालून त्यास मारतात. इतरत्र जखम करीत नाहींत, कारण कातड्याला भोंक पडलें तर किंमत उतरते. मग मीठ व तुरटी लावून कातड्याची घडी घालावयाची आणि हाडें वेगळीं बांधावयाचीं. गोळीचा आवाज नाहीं, धूर नाहीं. दिवसा याच टोळींतील बायका गांवोगांव मणी, जडीबुटी वा असलाच कांहींतरी किरकोळ माल विकीत फिरतात.

येथें एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. असल्या प्रकरणांत पकडले गेलेले पुष्कळ लोक भटक्या जमातींचे असतात, म्हणून त्या जमातीच चोरट्या असा निष्कर्ष काढण्याची चटक कांहीं अधिकाऱ्यांस व पुष्कळशा वर्तमानपत्रांस लागलेली दिसते. १८७१ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा स्वतंत्र भारतानें १९५२ सालीं रद्द केला. जो तपासनीस आडनांव पाहून आरोपी ठरवितो, त्याच्या हातून सांपळा लावणारे हात कदाचित् सांपडतील, परंतु त्या हातांत पैसे ठेवणारा शहरांतला दलाल खुशाल सुटतो. आणि नफ्याचा मोठा वांटा तर त्या दलालाकडेच जातो.

इतर गुन्ह्यांत कोणीतरी फिर्याद घेऊन येतो. चोरी झाली तर घरधनी येतो, खून झाला तर आप्त येतात. वाघ तक्रार करावयास येत नाहीं. रानांतून एक वाघ कमी झाला, हें कित्येकदां कोणाच्या लक्षांतसुद्धां येत नाहीं. राजस्थानांतील सरिस्क्याचे सगळे वाघ २००४-०५ च्या सुमारास नाहींसे झाले, तें सरकारास बऱ्याच उशिरां उमगलें. त्या नामुष्कीनंतरच कायद्यांत दुरुस्ती होऊन वर उल्लेखिलेला ब्यूरो २००७ सालीं कामास लागला. म्हणून या तपासाची दिशा बहुधा उलटी असते. आधीं माल सांपडतो, मग त्यावरून मेलेला वाघ कोणता व कोणत्या रानांतला हें शोधावयाचें. यांत निसर्गानें एक मोठी सोय करून ठेवली आहे. दोन माणसांच्या बोटांचे ठसे जसे जुळत नाहींत, तसे दोन वाघांच्या अंगावरील पट्टे जुळत नाहींत. रानांत झाडांना बांधलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांनीं टिपलेलीं वाघांचीं चित्रें संग्रहीं असतात. सांपडलेलें कातडें पसरून त्यावरील पट्टे त्या चित्रांशीं ताडून पाहतां येतात. चित्र जुळलें कीं कातड्याला जन्मगांव मिळालें.

परंतु कातडें खरें आहे काय, हा प्रश्न त्याच्याही आधींचा. कुत्र्याच्या वा गुरांच्या कातड्यावर पट्टे रंगवून तें वाघाचें म्हणून खपविणारे ठक या धंद्यांत कमी नाहींत. गुरांच्या शिंगांचीं व खुरांचीं ‘वाघनखें’ तर सर्रास विकलीं जातात. म्हणून नमुने हैदराबादच्या अथवा डेहराडूनच्या प्रयोगशाळेकडे पाठवावे लागतात. तिकडून उत्तर येईपर्यंत तपासनिसानें हातावर हात ठेवून बसावयाचें नसतें. आरोपीच्या दूरध्वनीवरून कोणत्या दिवशीं कोणत्या मनोऱ्याखालून कोणाशीं बोलणें झालें, पैसे कोणाच्या खात्यांतून आले, रेल्वेचें तिकीट कोणीं काढलें, या कागदांच्या ढिगाऱ्यांत त्याचे महिने जातात. शिकारकथांत रंगणाऱ्या वाचकांस हें काम फार रुक्ष वाटेल. पण गडचिरोलीचें रान आणि शिलाँगचा बाजार यांना जोडणारी वाट पायाखालीं दिसत नाहीं, ती असल्या कागदांतूनच उमटते.

संस्कृताची आवड असलेल्या वाचकांस येथें कौटिल्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्याच्या अर्थशास्त्रांतील शुल्काध्यक्षाच्या प्रकरणांत शस्त्रें, चिलखतें, धातु, रथ, रत्नें, धान्य व पशु या वस्तु राज्याबाहेर नेण्यास मनाई सांगितली आहे. आणि सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत अभयवनांतील प्राण्यांस मारणाऱ्यास दंड सांगितला आहे. हे दोन अध्यक्ष त्यानें निरनिराळे ठेवले. आजच्या तपासनिसावर मात्र या दोघांचेंही काम एकदम येऊन पडलें आहे. १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें दुर्मिळ वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीं एक करार झाला, तो १९७५ त अंमलांत आला, व १९७६ त भारत त्यांत सामील झाला. आपला वन्यजीव संरक्षण कायदा त्यापूर्वींचा, म्हणजे १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनें या कराराचीं कलमें त्यांत सविस्तर गोंवण्यांत आलीं. सीमेवर १९६२ चा कस्टम कायदा आहे आणि त्याच्या दिमतीस १९५७ सालीं स्थापन झालेलें महसूल गुप्तवार्ता संचालनालय आहे. रानांत मात्र वनरक्षक, वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक.

या सहायक वनसंरक्षकाच्या हातीं कायद्यानें एक असाधारण अधिकार दिला आहे. पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब न्यायालयांत ग्राह्य धरला जात नाहीं, हें आपण जाणतों. परंतु वन्यजीव कायद्याखालीं अधिकार दिलेल्या, निदान या हुद्द्याच्या, अधिकाऱ्यानें आरोपीच्या समक्ष नोंदवून घेतलेली साक्ष पुढें खटल्यांत पुरावा म्हणून वापरतां येते. एवढी सत्ता हातीं असणें हें जितकें सोयीचें, तितकेंच जोखमीचें. नोंदणींत दांडगाई झाली, आरोपीला समजत नसलेल्या भाषेंत कागद लिहिला गेला, वा तारखांचा मेळ बसला नाहीं, म्हणजे बचावाचा वकील त्यावरच बोट ठेवतो. पंचनाम्याचेंही तेंच. सांपळा कोठें सांपडला, जवळचें झाड कोणतें, नखें किती, मोहर कोणीं लावली, सह्या केव्हां झाल्या, हें सर्व पावसांत भिजत, कंदिलाच्या वा बॅटरीच्या उजेडांत लिहावयाचें; आणि त्याची परीक्षा व्हावयाची ती कित्येक महिन्यांनीं, पंख्याखालीं बसलेल्या माणसांसमोर. गुन्हा शाबीत झाल्यास कमींत कमी तीन व जास्तींत जास्त सात वर्षांची कैद आहे. शाबीत न झाल्यास आरोपी सुटतो, आणि ज्या गांवकऱ्यानें पंच म्हणून सही केली त्याला त्याच वाटेनें घरीं जावयाचें असतें.

मेलेला प्रत्येक वाघ कांहीं व्यापाऱ्यांनीं मारलेला नसतो, हेंही सांगितलें पाहिजे. विदर्भांत रानडुकरांपासून पीक वांचविण्यासाठीं कांहीं शेतकरी कुंपणाच्या तारेंत वीज सोडतात. हें बेकायदा आहे, परंतु रात्रींतून उभें पीक आडवें झालेलें ज्यानें पाहिलें त्याची मनःस्थिति समजण्यासारखी आहे. त्या तारेला कधींकधीं वाघ लागतो. घाबरलेला शेतकरी तो पुरून टाकतो. मृत वाघ सांपडला म्हणजे तपासनीस प्रथम नखें, सुळे व मिशा जागेवर आहेत कीं नाहींत हें पाहतो. सर्व जागच्या जागीं असलें तर गोष्ट बहुधा शेतापाशींच संपते. नखें ओरबाडलेलीं असलीं तर पुढचा माग काढणें भाग आहे. तपासणी झाल्यावर अधिकाऱ्यांच्या व साक्षीदारांच्या देखत त्या वाघाला सरण रचून दहन देतात, व सर्व कांहीं जळून जाईपर्यंत कोणी तेथून हलत नाहीं. एखाद्या आप्ताप्रमाणें वाघाचा हा अंत्यविधि पाहून नवख्यास आश्चर्य वाटतें. कारण मात्र अगदीं व्यावहारिक आहे. एकही हाड बाजारांत जाऊं नये.

ज्या बाजारासाठीं ही एवढी धडपड, तो आहे तरी केवढा? १९९३ च्या आगस्टांत एकट्या दिल्लींत २८७ किलो वाघाचीं हाडें एकदम पकडलीं गेलीं. चिनी वैद्यकांत वाघाच्या हाडांस संधिवातावरील औषध म्हणून मोठी मागणी असे. त्याच वर्षीं चीन सरकारनें त्यांच्या व्यापारावर बंदी घातली व आपल्या औषधिकोशांतूनही तीं काढून टाकलीं. पुढच्याच वर्षीं, १९९४ त, वाघाचीं हाडें व गेंड्याचें शिंग यांचा व्यापार थांबवीत नाहीं म्हणून अमेरिकेनें तैवानच्या वन्यजीव-मालावर बहिष्कार पुकारला. राजकारणासाठीं एका राष्ट्रानें दुसऱ्याचा व्यापार अडविणें जगाला जुनेंच आहे. वन्य प्राण्यांसाठीं अमेरिकेनें असें शस्त्र उपसण्याची ही पहिलीच वेळ. तैवानानें कायदे कडक केले आणि १९९५ त तो बहिष्कार उठला. तरीही २००३ च्या आक्टोबरांत तिबेटांत एकाच वेळीं ३१ वाघांचीं, ५८१ बिबट्यांचीं व ७७८ पाणमांजरांचीं कातडीं सांपडलीं. श्रीमंत तिबेटी घराण्यांत सणासुदीच्या झग्यांना हीं कातडीं लावण्याची टूम निघाली होती. ती मोडली कायद्यानें नव्हे. २००६ च्या जानेवारींत आंध्रांतील अमरावती येथें कालचक्राच्या सोहळ्यांत दलाई लामांनीं आपल्या अनुयायांची या बाबतींत कानउघाडणी केली, आणि थोड्याच दिवसांत तिबेटांत ठिकठिकाणीं लोकांनीं आपलीं मौल्यवान कातडीं चव्हाट्यावर आणून जाळलीं.

परक्यांच्या हौसेस नांवें ठेवतांना आपल्या घरांतील फडताळही एकदां उघडून पाहावें. सोन्यांत मढविलेलें वाघनख बाळाच्या गळ्यांत घालण्याची चाल आपल्याकडील कितीतरी जुन्या घराण्यांत होती. एखाद्या वाड्याच्या माजघरांत आजोबांना कोणीं संस्थानिकानें भेट दिलेलें व्याघ्रचर्म भिंतीवर असे व त्यावर बसून जप होई. असल्या वस्तु बाळगणाऱ्यांनीं त्या जाहीर कराव्या म्हणून सरकारनें २००३ सालीं १८० दिवसांची मुदत दिली होती. ती केव्हांच सरली. प्रमाणपत्रावांचून ठेवलेली अशी वस्तु आज घरांत असणें हाच गुन्हा होय, मग ती पणजीची असो वा बाजारांतली. आणि पुष्कळदां ती गाईच्या शिंगाची निघते, ही गोष्ट निराळी. देव्हाऱ्यांतील मोरपिसाची कथा याहून चमत्कारिक आहे. आपोआप गळलेलें मोरपीस देशांत बाळगण्यास व विकण्यास हरकत नाहीं, परंतु तेंच परदेशीं पाठविण्यास बंदी आहे. लंडनच्या वा न्यूजर्सीच्या नातवाला कृष्णजयंतीसाठीं प्रेमानें पिसें धाडणाऱ्या आजीबाईंस हें सांगितलें, तर त्या थट्टा समजतील.

असो. बाजार कोठेंही असला, तरी पहिली खबर रानांतूनच यावी लागते, आणि येथेंच या नोकरींतील खरी अडचण आहे. खाकी पोशाखाशीं या मुलखाचा संबंध जुना आहे व तो गोडीचा नाहीं. साग तोडावयाचा तर परवाना, बांबू न्यावयाचा तर परवाना. लांकडावर सरकारी हातोड्याचा छाप नसला तर जप्ती. आपल्याच रानांतली मोळी घेऊन जातांना ज्यानें दंड भरला, तो गोंड वा हलबा शेतकरी त्याच खात्याच्या माणसाला येऊन, ‘नाल्याकडे परके लोक उतरले आहेत’ असें कां म्हणून सांगेल? धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवानें आपल्या रानांतील बांबूवर हक्क मिळविण्यासाठीं चिकाटीनें झगडा केला, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्याच हातीं आलें. त्यानंतर गडचिरोलींतील इतर कित्येक ग्रामसभांनीं बांबू व तेंदूचा कारभार स्वतः हातीं घेतला. कुरखेडा-कोरचीकडील गांवेंही त्यांत आहेत. परवाना देणारा हात गांवाचाच झाला, म्हणजे रानांत कोण आला, कोण गेला याची विचारपूसही गांव आपणहून करूं लागतें. वाघांच्या आंकड्यांवर वाद घालणाऱ्या कित्येक विद्वानांच्या लेखांत या गोष्टीचा उल्लेख सांपडत नाहीं, याचें मला नवल वाटतें. ज्या गांवांत वाघानें माणूस मारल्यावर नुकसानभरपाईसाठीं विधवेला हेलपाटे घालावे लागतात, त्या गांवांतून शिकाऱ्याची बातमी येत नाहीं, हें तपासनीस मात्र पक्कें जाणतात.

पावसाळा हा या कामांतला सर्वांत कठीण काळ. वाटा चिखलानें बंद होतात, नाले भरून वाहतात, गवत छातीइतकें वाढतें आणि पावलांचे ठसे सरीसरशीं पुसले जातात. शिकाऱ्यांनाही हेंच हवें असतें. वाघाच्या रानांत त्या दिवसांत वनरक्षकांच्या टोळ्या धातु शोधणारें यंत्र जमिनीलगत फिरवीत पाणवठ्यांच्या वाटा तपासतात. यंत्र वाजलें कीं थांबावयाचें, काठीनें पाला बाजूस सारावयाचा. बहुतेक वेळां खालीं निघतो तो गुराख्याचा हरवलेला विळा, नाहींतर बैलाच्या खुराचा झिजलेला नाल. तो उचलून पिशवींत टाकतात, वहींत वेळ व ठिकाण लिहितात आणि पुढें चालूं लागतात.